टर्बो गाडीत फ्युएल प्रेशर कमी पडतंय का? पंप बदलायच्या आधी काय काय तपासायचं

टर्बो गाड्यांची एक तक्रार सारखी ऐकायला मिळते. स्लो स्पीडला (म्हणजे उभ्या गाडीत, पाय न दाबता इंजिन चालू असताना) गाडी छान, ट्रॅफिकमध्ये छान, पण पाय दाबला आणि बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचं प्रेशर) चढायला लागला की झटके देते, पिकअप मरतो, कधी इंजिन लाइट लागतो, आणि पाय उचलला की परत काही झालंच नाही अशी चालते. यावर लगेच सल्ला मिळतो की फ्युएल पंप बदला. पंप बदलला जातो, झटके तसेच राहतात, कारण प्रेशर कोणी मोजलेलंच नसतं, किंवा मोजलं तरी उभ्या गाडीवर मोजलं. टर्बो गाडीत प्रेशरचा नुसता आकडा काही सांगत नाही, तो बूस्टच्या आकड्यासोबत बघावा लागतो. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची तपासणी नवख्या माणसालाही जमते.

आधी प्रकार ओळखा, कारण पद्धत त्यावर ठरते. पहिला प्रकार म्हणजे पेट्रोल पोर्ट इंजेक्शन (सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेत पेट्रोल फवारणारं) विथ रिटर्न, यात रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) किंवा रेलजवळ प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटर असतो, त्याला मॅनिफोल्डकडून (सिलिंडरना हवा वाटणारा भाग) एक बारीक व्हॅक्यूम पाइप येतो आणि जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या लाइनने टाकीत परत जातं. दुसरा रिटर्नलेस, यात रेग्युलेटर टाकीतच असतो किंवा इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पंपाचा स्पीड कमीजास्त करून प्रेशर सांभाळतो. तिसरा डायरेक्ट इंजेक्शन, यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, टाकीतला पंप वेगळा आणि इंजिनवर कॅमशाफ्टने चालणारा हाय प्रेशर पंप वेगळा. आणि चौथा कॉमन रेल डिझेल. पहिल्या प्रकारावर मी जास्त लिहितोय, कारण शिकायला तो सगळ्यात चांगला आणि त्यातलं तत्त्व बाकी ठिकाणी पण कामाला येतं.

३ बार कधी ३ असतो आणि कधी नसतो

समजा गाडीचं बेस प्रेशर ३ बार आहे, म्हणजे साधारण ४३ पीएसआय, बऱ्याच पोर्ट इंजेक्शन गाड्यांचं एवढंच असतं (तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने चालू नका). हे ३ बार म्हणजे रेलमधलं प्रेशर आणि मॅनिफोल्डमधलं प्रेशर यातला फरक. इंजेक्टरच्या एका टोकाला पेट्रोल ढकलतंय, दुसऱ्या टोकाला मॅनिफोल्डमधली हवा उलटी ढकलतेय, आणि किती पेट्रोल बाहेर पडणार ते या दोघांच्या फरकावर ठरतं. स्लो स्पीडला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून रेग्युलेटर प्रेशर खाली आणतो आणि गेजवर २.४ च्या आसपास दिसतं. व्हॅक्यूम पाइप काढला की ३ दिसतं. आणि १ बार बूस्ट आला की गेजवर ४ दिसलं पाहिजे, म्हणजे फरक परत ३ चाच.

आता विचार करा, बूस्ट १ बार आहे आणि गेजवर ३ च दिसतंय. बघणाऱ्याला वाटेल की प्रेशर तर बरोबर आहे, ३ बार पाहिजे होतं आणि ३ आहे. पण प्रत्यक्षात इंजेक्टरला २ बारच मिळतायत. पेट्रोलचा फ्लो या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे ३ चा २ झाला की साधारण १८ टक्के पेट्रोल कमी, आणि तेही नेमकं तेव्हा जेव्हा सिलिंडरमध्ये सगळ्यात जास्त हवा कोंबलेली आहे. मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून ठोके बसणं) सुरू होतं, आणि टर्बो इंजिनात नॉकिंग म्हणजे पिस्टनच्या रिंग लँड (रिंगांच्या मधल्या कडा) तुटणं, पिस्टनला भोक पडणं इथपर्यंत मामला जातो. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, बूस्टमध्ये झटके येत असतील तर "बघू, परत एकदा दाबून बघू" करू नका. कारण कळेपर्यंत बूस्टमध्ये जाऊच नका.

सुरक्षेबद्दल, आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

टर्बोचं टर्बाइन हाउसिंग जोरात चालवल्यावर लालबुंद होऊ शकतं, आणि तेवढ्या गरम धातूवर पेट्रोल पडलं तर ठिणगीची गरज नाही. म्हणून गेज लावायचं काम थंड इंजिनवरच. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग एकदोनदा सेल्फ मारा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. जोड उघडताना फडकं गुंडाळून हळूहळू उघडा, थोडं पेट्रोल येतंच. डोळ्यावर चष्मा, हातात पेट्रोलला टिकणारे ग्लोव्हज, ड्राय पावडरचा एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि बंद गॅरेजमध्ये हे काम करायचं नाही. डायरेक्ट इंजेक्शन आणि डिझेलची हाय प्रेशर बाजू तर घरी उघडायचीच नाही, त्याचं कारण खाली येतं.

गेज लावायच्या आधी स्कॅनर

साधा ओबीडी स्कॅनर (इसीयूमधले एरर कोड आणि आकडे वाचणारं उपकरण) पण बरंच सांगून जातो. पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी, पी००८८ म्हणजे जास्त, पी०१७१ आणि पी०१७४ म्हणजे मिश्रण लीन, पी०१९० ते पी०१९३ म्हणजे प्रेशर सेन्सरच्या सर्किटची भानगड. कोड मिळाला म्हणजे पार्ट मिळाला असं समजू नका, पी००८७ टाकीतलं पेट्रोल संपत आल्यामुळे सुद्धा येतो. अर्थात टाकीत पुरेसं इंधन आहे ना हे सगळ्यात आधी बघायचं, कमी पेट्रोलवर वळणात किंवा जोरात निघताना पंपाला हवा मिळते आणि लक्षणं अगदी पंप गेल्यासारखी दिसतात.

कोडपेक्षा फ्युएल ट्रिम (इसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) जास्त बोलतात. लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म दोन्हींची बेरीज करून बघा. स्लो स्पीडला प्लस १५ टक्के आणि रेस वाढवली की कमी होतंय, तर कुठेतरी हवा आत शिरतेय, म्हणजे व्हॅक्यूम लीक. स्लो स्पीडला ठीक आणि लोड वाढला की ट्रिम प्लसमध्ये चढत जातेय, तर इंधन कमी पडतंय किंवा एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) कमी हवा सांगतोय. या दोघांत फरक करायचा तर प्रेशर मोजावंच लागतं. आणि टर्बो गाडीत एक जादा गंमत अशी की एअर मास सेन्सरवाल्या गाडीत इंटरकूलरचा (टर्बोकडून आलेली हवा थंड करणारा) पाइप निसटला किंवा फाटला तर मोजलेली हवा बाहेर पळते आणि बूस्टमध्ये गाडी उलट रिच होते (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), काळा धूर काढते. लक्षण तेच, पिकअप नाही, पण रोग एकदम उलटा. म्हणून गेज लावायच्या आधी इंटरकूलरचे सगळे पाइप आणि क्लॅम्प हाताने हलवून बघा.

स्पार्क प्लग पण आधीच बघून घ्या. बूस्टमध्ये गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, गॅप जास्त असेल किंवा कॉइल थकली असेल तर नेमकं बूस्टलाच मिसिंग होतं. टर्बो पेट्रोलमध्ये बहुतेक वेळा गॅप ०.६ ते ०.८ मिमीच्या आसपास असतो, मॅन्युअलप्रमाणे ठेवा. इथे वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण सांगणारा) पण फसवतो बरं का, कारण मिस झालेल्या सिलिंडरचा न जळलेला ऑक्सिजन त्याला लीन वाटतो. वाइडबँड लीन दाखवतोय आणि प्रेशर गेज मात्र बूस्टबरोबर व्यवस्थित चढतंय, तर पंपाच्या मागे लागू नका, आधी प्लग आणि कॉइल बघा, मग इंजेक्टर.

गेज लावून उभ्या गाडीवर

रेलवर टायरच्या वॉल्व्हसारखा दिसणारा टेस्ट पोर्ट असेल तर काम सोपं, नसेल तर रेलच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) जोडून गेज लावावं लागतं. बँजो बोल्ट (ज्याच्या आतून पेट्रोल जातं तो पोकळ बोल्ट) उघडला तर वॉशर नवे टाका, जुने परत वापरू नका. होज वापरायचा तो इंजेक्शनच्या प्रेशरचाच, एसएई जे३०आर९ असं लिहिलेला, साधा कार्ब्युरेटरचा होज नको. गेज ० ते ७ बारचं पुरतं.

फ्यूज लावा, बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि इंजिन चालू न करता आधी सगळे जोड लीक होत नाहीत ना ते बघा. मग इंजिन चालू करा आणि हे आकडे लिहून ठेवा: स्लो स्पीडला किती, व्हॅक्यूम पाइप काढून तोंड बंद केल्यावर किती. पाइप काढल्यावर प्रेशर वाढलंच नाही तर रेग्युलेटर किंवा तो पाइपच दोषी. पाइपमध्ये पेट्रोल ओलं दिसलं किंवा वास आला तर रेग्युलेटरचा डायफ्राम फाटलाय, दुसरं काही शोधायची गरज नाही, तो बदला.

तो बारीक पाइप लोक फार दुर्लक्षित करतात. बिनाटर्बो गाडीत त्याला फक्त व्हॅक्यूम असतो, तो स्वतःच पाइपला निप्पलवर ओढून धरतो. टर्बोमध्ये बूस्ट त्याला ढकलून काढायला बघतो. कडक झालेला, चिरलेला, क्लिप नसलेला पाइप स्लो स्पीडला व्यवस्थित आणि बूस्टला गळका, आणि मग वर सांगितलेली ३ बारवर अडकलेली स्थिती तयार होते. दोन्ही टोकांना क्लिप पाहिजे, पाइप थ्रॉटलच्या पुढे मॅनिफोल्डलाच गेलेला पाहिजे, आणि मध्ये वनवे वॉल्व्ह नको.

आता बूस्टची नक्कल, ही टेस्ट मला सगळ्यात आवडते कारण रस्त्यावर न जाता अर्धं उत्तर मिळतं. मॅनिफोल्डकडून येणाऱ्या पाइपचं तोंड बंदच ठेवा, रेग्युलेटरच्या निप्पलला प्रेशर देणारा हातपंप जोडा, इंजिन स्लो स्पीडला चालू. अर्धा बार दिला की गेज ३.५ वर गेलं पाहिजे, १ बार दिला की ४. जितकं द्याल तितकंच वाढलं पाहिजे. हातपंपाचं प्रेशर टिकतच नसेल तर डायफ्राम गळतोय. प्रेशर टिकतंय पण गेज ३.४ वर अडकून बसलं, तर पंपात दम नाही, किंवा फिल्टर चोंदलाय, किंवा पंपाला करंट पुरत नाही. गाडीचा जेवढा बूस्ट आहे त्याच्या वर हातपंप मारू नका.

रिटर्न लाइन रबराची असेल तर ती क्षणभर चिमटून बघता येते. प्रेशर झपकन वर गेलं तर पंप प्रेशर बनवू शकतो, संशय रेग्युलेटरवर. वर गेलंच नाही तर संशय पंपाच्या बाजूला. फक्त क्षणभर, आणि प्लॅस्टिकच्या लाइनला चिमटा लावायचा नाही, ती चिरते.

प्रेशर आहे पण पेट्रोल आहे का

स्लो स्पीडला इंजिन अगदी थोडं पेट्रोल पितं, त्यामुळे थकलेला पंप पण तिथे पास होतो. खरी परीक्षा फ्लोची. टर्बो पेट्रोल इंजिनला साधारण दर हॉर्सपॉवरमागे ताशी ०.२७ किलो पेट्रोल लागतं असा हिशोब धरला, तर १०० हॉर्सपॉवरला ताशी ३६-३७ लिटर, म्हणजे ३० सेकंदात जवळपास ३०० मिली. २०० हॉर्सपॉवरची गाडी असेल तर ३० सेकंदात ६०० मिली, आणि वर थोडी शिल्लक पाहिजे, निदान २० टक्के. आणि हे सगळं बूस्टच्या प्रेशरला मिळालं पाहिजे, कारण प्रेशर वाढलं की पंपाचा फ्लो कमी होतो.

म्हणून करायचं असं: इंजिन बंद आणि थंड, रिटर्न होज टाकीकडे जाणाऱ्या बाजूला काढून मोजमापाच्या, पेट्रोलला चालणाऱ्या भांड्यात सोडायचा, रेग्युलेटरवर हातपंपाने गाडीच्या बूस्टइतकं प्रेशर द्यायचं, पंप ३० सेकंद चालवायचा, स्कॅनरने किंवा रिले बायपास करून, आणि भांड्यात किती आलं ते बघायचं. स्विच भांड्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद असल्यामुळे बॅटरी बारा-साडेबारा व्होल्टच देते, चालू गाडीत पंपाला जास्त मिळतं, त्यामुळे इथे पास झालेला पंप रस्त्यावर पण पास. थोडक्यासाठी नापास झाला तर आधी पुढचं बघा.

करंट, अर्थ आणि टाकीच्या आतलं

पंपाला मिळणारं व्होल्टेज एक-दीड व्होल्टने पडलं तरी फ्लो बऱ्यापैकी पडतो. पंप लोडवर चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंपाच्या कनेक्टरच्या प्लसला लावा, मग तसंच मायनस बाजूला. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टच्या वर ड्रॉप दिसला तर रिलेचे जळके कॉन्टॅक्ट, वितळलेला कनेक्टर किंवा गंजलेला अर्थ शोधा, पंप बिचारा निर्दोष असू शकतो. ज्या गाडीत पंपाचा स्पीड मॉड्यूल कंट्रोल करतो तिथे मल्टिमीटर सरासरी दाखवतो आणि ती बघून पंपाला व्होल्टेज कमी मिळतंय असं वाटतं, तिथे मॉड्यूलकडे येणारी सप्लाय मोजा.

फिल्टर बाहेरचा असेल तर त्याच्या आधी आणि नंतर प्रेशर मोजून फरक बघता येतो, पण खरं सांगायचं तर त्याची वेळ झालीच असेल तर बदलून टाका आणि परत मोजा. टाकी उघडावी लागली तर पंपाच्या तोंडाची जाळी बघा, आणि पंप ते हँगर (टाकीत पंप धरणारी चौकट) जोडणारा छोटा होज नीट वाकवून बघा. तो चिरला की पंप जोरात चालतो, आवाज करतो, आणि अर्धं पेट्रोल टाकीतल्या टाकीतच फिरतं. तो बदलताना टाकीत बुडवायला चालणारा जे३०आर१० होजच टाका, बाहेरचा होज आत टाकला तर वरून कुजतो. दोन खणांची टाकी असेल तर एका बाजूचं पेट्रोल दुसरीकडे ओढणारा जेट पंप असतो, तो बंद पडला की काटा अर्ध्यावर आणि पंप कोरडा.

गाडी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्यावर चालू होत असेल तर ती वेगळी केस. इंजिन बंद केल्यावर गेजवरचं प्रेशर काही मिनिटं टिकलं पाहिजे. लगेच पडलं तर पंपाचा चेक वॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा), रेग्युलेटर किंवा टपकणारा इंजेक्टर, सप्लाय आणि रिटर्न आळीपाळीने चिमटून कोण ते कळतं.

रस्त्यावरची टेस्ट

उभ्या गाडीवर सगळं ठीक दिसलं तरच ही. पेट्रोलने भरलेला गेजचा होज केबिनमध्ये आणायचा नाही, कधीच नाही. गेज बाहेर काचेवर टेपने घट्ट लावा, होज टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब बांधून घ्या. इलेक्ट्रिक सेन्सरवालं गेज मिळालं तर फारच उत्तम, मग केबिनमध्ये फक्त वायर येते. सोबत दुसरा माणूस पाहिजे, जो गेज आणि बूस्ट दोन्ही मोबाइलवर रेकॉर्ड करेल, चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. मोकळा सुरक्षित रस्ता, तिसरा गिअर, २०००-२५०० आरपीएमपासून पाय दाबायचा, आणि प्रेशर बूस्टच्या मागे पडताना दिसलं की त्याच क्षणी पाय उचलायचा.

मग व्हिडिओ बघून प्रत्येक ठिकाणी रेल प्रेशरमधून बूस्ट वजा करा. उत्तर सगळीकडे बेस प्रेशरइतकंच आलं पाहिजे. सुरुवातीपासूनच बूस्टबरोबर वाढत नाहीये तर रेग्युलेटर किंवा त्याचा पाइप. सुरुवातीला बरोबर वाढलं आणि ४५००-५००० नंतर खाली घसरायला लागलं तर फ्लो कमी, म्हणजे पंप, फिल्टर, करंट. वाइडबँड असेल तर पूर्ण बूस्टवर लॅम्डा (मिश्रणाचा आकडा, १ च्या खाली रिच, वर लीन) साधारण ०.७८ ते ०.८५ असतो, ०.९ च्या वर जात असेल तर गाडी तिथेच थांबवा. बूस्ट वाढवलेला असेल, किंवा ई८५ सारखं इंधन वापरत असाल (पेट्रोलपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त लागतं), तर कंपनीचा धडधाकट पंप पण कमी पडतो, त्यात पंपाचा दोष नाही.

रिटर्नलेस गाडीत मात्र काही ठिकाणी प्रेशर मुद्दाम स्थिर ठेवलेलं असतं आणि इसीयू इंजेक्टर जास्त वेळ उघडून भरपाई करतो. तिथे बूस्टबरोबर वाढत नाही म्हणून घाबरू नका, स्कॅनरवर इसीयूने मागितलेलं आणि मिळालेलं प्रेशर जुळतंय का ते बघा.

डायरेक्ट इंजेक्शन आणि डिझेल

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये टाकीचा पंप साधारण ४ ते ६ बार देतो, आणि इंजिनवरचा पंप स्लो स्पीडला ५० बारच्या आसपास ते लोडवर १५०-२००, नव्या इंजिनांत ३५० बारपर्यंत नेतो. एवढ्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून छोटंसं छिद्र दिसतं आणि आत बोट किंवा हात गमवायची वेळ येते, असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल. म्हणून तपासणी स्कॅनरवर: मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष रेल प्रेशर, सोबत लो प्रेशर बाजू. लो साइड आधी पडते आणि मागून हाय साइड पडते तर टाकीचा पंप किंवा फिल्टर. लो साइड ठाम आहे आणि हाय साइड पडतेय तर हाय प्रेशर पंप, त्याचा कंट्रोल वॉल्व्ह, किंवा त्याला दाबणारा कॅम आणि फॉलोअर (कॅम आणि पंप यांच्यामधला छोटा भाग). फोक्सवॅगन ग्रुपच्या ईए११३ पिढीच्या २.० टीएफएसआय इंजिनांत हा फॉलोअर झिजणं प्रसिद्धच आहे, तिथे तो वेळोवेळी काढून बघतात. ऑइलची पातळी वाढतेय आणि त्याला पेट्रोलचा वास येतोय तर हाय प्रेशर पंपाचं सील किंवा इंजेक्टर गळतोय, तशी गाडी चालवू नका.

कॉमन रेल डिझेलमध्ये स्लो स्पीडला २५०-३५० बार आणि लोडवर १६००-२००० बार किंवा त्याहून जास्त. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काळात चालू इंजिनवर इंजेक्टरचा नट ढिला करून मिसिंग शोधायची सवय होती, ती कॉमन रेलवर जिवावर बेतते. इथे नवख्याने एवढंच करावं: फिल्टर आणि त्यातलं पाणी बघणं, लो प्रेशर लाइनमध्ये पारदर्शक नळी टाकून बुडबुडे येतायत का बघणं, स्कॅनरवर मागितलेलं-मिळालेलं बघणं. इंजेक्टरचा रिटर्न बाटल्यांत मोजून कुठला जास्त गळतोय ते काढायची टेस्ट आहे, ती पहिल्यांदा जाणकार माणसाबरोबर करा.

दुरुस्ती झाल्यावर फ्युएल ट्रिम रीसेट करा, जोडांवर कोरडं पांढरं फडकं फिरवून ओल येतेय का बघा, इंजिन गरम झाल्यावर परत बघा, आणि आधी लिहिलेल्या आकड्यांच्या शेजारी नवे आकडे लिहा. मग तीच रस्त्यावरची टेस्ट, त्याच गिअरला, त्याच आरपीएमपासून.